स्वतःचे केस स्वतः वाळवून बसवणे : सात आठवड्यांच्या नोंदी

४ मार्च

कागदावर मांडला तर प्रकल्प सोपा दिसतो. माझे केस खांद्याच्या खाली चार बोटे येतात. प्रत्येक केस बारीक आहे, पण संख्या दाट आहे आणि मधूनमधून लाटा आहेत. धुतल्यावर ते ड्रायर आणि ब्रशने असे वाळवायचे, की मुळाशी थोडे उचललेले राहतील, टोके आत वळतील आणि हा आकार दुसऱ्या दिवशी संध्याकाळपर्यंत टिकेल. हे सारे दुसऱ्या कोणाचाही हात न लागता आणि अर्ध्या तासाच्या आत व्हायला हवे. आजवर मी धुतलेले केस तसेच मोकळे सोडत आले आणि वाळल्यावर जे रूप घेतील ते पाहून त्यांना रबर लावत आले, त्यामुळे हाताला या कामाचे वळण मुळीच नाही असे धरून सुरुवात करते.

साहित्यात १२०० वॉटचा ड्रायर आणि त्यावर बसणारे चपटे नोझल आहे. मोठ्या दातांचा कंगवा, २५ आणि ४३ मिलिमीटर व्यासाचे दोन गोल ब्रश, एक रुंद चपटा ब्रश, बटा अडकवून ठेवण्यासाठी सहा चिमटे आणि उष्णतेपासून केसांचे रक्षण करणारा स्प्रे हेही जमवले आहे. नोंदींसाठी घड्याळ आणि एक ग्रॅमपर्यंत वजन दाखवणारा स्वयंपाकघरातला काटा वापरणार आहे. एकूण वेळ आणि एकूण पाणी या दोन गोष्टी मोजता आल्या, तर बाकीचे आपोआप कळत जाईल, असा माझा अंदाज आहे.

७ मार्च

पहिला प्रयत्न ५२ मिनिटे चालला. केस टॉवेलने चोळून पुसले, लगेच गोल ब्रश घातला आणि पाणी ठिबकत असतानाच प्रत्येक बटेला वळण देत बसले. ब्रश फिरवला की बट वळायची आणि ब्रश काढला की पुन्हा सरळ लोंबायची. साधारण पंचविसाव्या मिनिटाला उजवा खांदा भरून आला आणि पस्तिसाव्या मिनिटाला मागच्या केसांवरची श्रद्धा उडाली. तिथे नुसती गरम हवा सोडून मोकळी झाले. आरशात समोरून पाहिले तर निकाल वाईट नव्हता, पण डोके थोडे वळवले की मागचा अर्धा भाग वेगळ्याच व्यक्तीचा वाटत होता.

८ मार्च

सकाळी पाहिले तर समोरच्या बटांचे वळण निम्मे उरले होते आणि मागे काहीच उरले नव्हते. त्यामुळे आज हात थांबवून, केस आकार धरतो म्हणजे नेमके काय होते हे नीट समजून घेतले.

केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा बनलेला असतो. या प्रथिनाच्या साखळ्यांना जोडणाऱ्या बंधांपैकी डायसल्फाइड बंध पक्के असतात. ते पाण्याने किंवा ड्रायरच्या उष्णतेने सुटत नाहीत, म्हणून जन्मजात लाट प्रत्येक धुण्यानंतर परत येते. हायड्रोजन बंध मात्र कच्चे असतात, पण त्यांची संख्या प्रचंड असते. केस ओला झाला की पाण्याचे रेणू मध्ये शिरून हे बंध सोडवतात आणि पाणी बाहेर पडू लागले की ते पुन्हा जुळतात. जुळण्याच्या त्या वेळी केस ज्या आकारात धरलेला असेल, तो आकार त्याला तात्पुरता मिळतो. एरवी केस उशीवर दाबला गेल्याने जो वाकडेपणा येतो, तोही याच न्यायाने येतो.

याचा अर्थ कालच्या ५२ मिनिटांतली पहिली तीस मिनिटे मी जवळपास वाया घालवली. केसात भरपूर पाणी असताना दिलेले वळण टिकणे शक्यच नव्हते, कारण त्याला धरून ठेवणारे बंध अजून जुळायचे होते. वळण देण्याची खरी वेळ दमट केस कोरडा होतो त्या शेवटच्या थोड्या मिनिटांत असते, आणि नेमक्या त्या वेळी माझा खांदा संपावर गेलेला होता. त्याआधीचे सारे काम म्हणजे फक्त पाणी काढणे, आणि ते ब्रशशिवाय, शक्य तितक्या आळशीपणे करता आले पाहिजे.

१२ मार्च

आज वजनकाटा कामाला आला. केस धुऊन न्हाणीघरातच हाताने हलके पिळले आणि मग टॉवेल गुंडाळून दहा मिनिटे बसले. कोरडा टॉवेल ३१८ ग्रॅमचा होता, तो ४०३ ग्रॅम झाला. त्यानंतर जुन्या सुती टी-शर्टमध्ये एकेक भाग घेऊन मुठीने दाबला, तेव्हा टी-शर्टचे वजन आणखी १९ ग्रॅमनी वाढले. म्हणजे ड्रायरला हात लावण्यापूर्वीच १०४ ग्रॅम पाणी निघाले.

हा आकडा किती मोठा आहे ते हिशेबाने कळते. एक ग्रॅम पाण्याची वाफ करायला साधारण २४०० ज्यूल उष्णता लागते, तेव्हा १०४ ग्रॅमला सुमारे अडीच लाख ज्यूल लागतील. १२०० वॉटच्या ड्रायरची सगळीच्या सगळी उष्णता पाण्यालाच लागली असे मानले, तरी तेवढ्या पाण्यासाठी साडेतीन मिनिटे जातील. प्रत्यक्षात बहुतेक उष्णता खोली तापवण्यात जाते, म्हणून खरा वेळ याच्या कितीतरी पट असणार. टॉवेल हेच सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात निरुपद्रवी ड्रायर आहे, हे मला इतक्या उशिरा कळावे याची थोडी लाज वाटते.

टॉवेल चोळणे मात्र आजपासून बंद केले आहे. ओला केस फुगतो; त्याची लांबी जेमतेम वाढते, पण जाडी १४-१५ टक्क्यांपर्यंत वाढते. अशा वेळी त्याच्या पृष्ठभागावरचे, मुळाकडून टोकाकडे कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले घासले की उचलले जातात. शिवाय ओला केस कोरड्यापेक्षा जास्त ताणला जातो आणि त्या ताणात त्याला इजा होते. म्हणून टॉवेलने फक्त दाबायचे आणि गुंता मोठ्या दातांच्या कंगव्याने टोकांकडून वर जात सोडवायचा, असे ठरवले आहे.

१५ मार्च

टॉवेल आणि टी-शर्टनंतर स्प्रे मारला आणि ब्रश कपाटातच ठेवून, डोके खाली वाकवून, बोटांनी केस उचलत नुसते वाळवले. हवेचा झोत मुळांवर ठेवला, कारण टोके आपोआप आधी वाळतात आणि मुळे मात्र ओलीच राहतात. केस ऐंशी टक्के वाळले हे कसे ओळखायचे, हा प्रश्न इथे पहिल्यांदा आला. बोटांवर विश्वास ठेवता येत नाही, कारण गरम केस बोटांना कोरडा वाटतो. त्यावर एक युक्ती सापडली. ड्रायर बंद करून पाच-सात सेकंद थांबायचे आणि बट ओठांना लावायची. बटेत पाणी असेल तर ती ओठांना थंड लागते, कारण पाणी उडताना उष्णता ओढून नेते. अगदी किंचित गारवा जाणवत असेल, तेव्हाच ब्रश हातात घ्यायचा.

एकूण वेळ ३८ मिनिटे झाला, त्यातली नुसती वाळवण्याची ११ होती. आकार ७ मार्चपेक्षा स्पष्टपणे चांगला होता.

१६ मार्च

काल शेवटी ड्रायरला जळकट वास आला होता आणि तो मध्येच बंद पडला होता. वीस मिनिटांनी पुन्हा चालू झाला. मागची जाळी उघडून पाहिली तर धूळ आणि केसांचा नमद्यासारखा थर जमला होता. हवा आत यायला वाट नसली की तापलेली तार थंड होत नाही आणि आतला सुरक्षा-खटका वीज तोडतो. दोष यंत्राचा नव्हता, माझा होता. प्लग काढून जुन्या दात घासण्याच्या ब्रशने जाळी साफ केली. हे दर पंधरवड्याला करायचे आहे. ड्रायर न्हाणीघरात न वापरण्याचा नियमही आजच लिहून ठेवते, कारण बटण बंद असले तरी प्लग लावलेला असताना तो पाण्यात पडला तर तितकाच घातक असतो.

१९ मार्च

अंतराचा प्रश्न सोडवायचा होता. स्वयंपाकाच्या सुईच्या तापमापकाने माझ्या ड्रायरची हवा सर्वांत जास्त उष्णतेवर मोजली. नोझलपासून ५ सेंटिमीटरवर ९६ अंश, १० वर ७४ आणि १५ वर ५८ अंश सेल्सिअस आले. पाच आणि पंधरा या दोन अंतरांत इतका फरक असेल असे वाटले नव्हते, आणि आजवर मी घाईघाईने नोझल जवळजवळ केसांना टेकवत होते.

याच विषयावर कोरियातील संशोधकांचा २०११ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. त्यांनी केसांचे झुपके वेगवेगळ्या अंतरावरून वाळवून पुन्हापुन्हा तपासले. १५ सेंटिमीटरवरून ४७ अंशांना ६० सेकंद, १० वरून ६१ अंशांना ३० सेकंद आणि ५ वरून ९५ अंशांना १५ सेकंद. उष्णता वाढत गेली तसे पृष्ठभागाचे नुकसान वाढत गेले, यात नवल नाही. नवल पुढच्या गोष्टीचे आहे. जे झुपके ड्रायरशिवाय आपोआप वाळू दिले होते, त्यांच्या पृष्ठभागाला धक्का लागला नव्हता, तरी खवल्यांना आतून सांधणाऱ्या थराला इजा झालेली दिसली. केस फार वेळ ओला आणि फुगलेला राहतो, हे त्याचे संभाव्य कारण त्यांनी दिले आहे. ड्रायर १५ सेंटिमीटरवर धरून सतत हलता ठेवणे हे केस आपोआप वाळू देण्यापेक्षा कमी हानिकारक ठरते, असा त्यांचा निष्कर्ष होता. ‘ड्रायर म्हणजे केसांचा शत्रू’ हे वाक्य लहानपणापासून ऐकलेल्या माझ्यासारखीला हे वाचून बरे वाटले, हे कबूल करते.

उलट टोकाचा धोकाही तितकाच खरा आहे. ओल्या केसाला फार प्रखर उष्णता दिली, तर आतल्या पाण्याची वाफ होऊन केसात सूक्ष्म बुडबुडे तयार होतात आणि तो तिथेच तुटतो. म्हणून नुसते वाळवताना मध्यम उष्णता आणि जोराची हवा, आणि वळण देताना थोडी जास्त उष्णता आणि हळू हवा, असा क्रम ठरवला. नोझलचे तोंड नेहमी मुळाकडून टोकाकडे ठेवायचे, म्हणजे झोत खवल्यांना बसवतो. उलटा झोत दिला की केस पिंजारतात. चपटे नोझल न लावता केलेल्या एका बाजूचा फरक पाहिल्यावर हा नियम मला कोणी समजावून सांगण्याची गरज उरली नाही.

२४ मार्च

आज २५ मिलिमीटरचा ब्रश केसात अडकला. बट रुंद घेतली होती, दोन-अडीच वेढे दिले आणि मग उलट दिशेला फिरवण्याऐवजी गोंधळून त्याच दिशेला फिरवला. ओढून काढण्याचा मोह आवरला. ड्रायर बंद केला, थोडे कंडिशनर बोटांवर घेऊन ब्रशच्या काठांना लावले आणि कंगव्याच्या शेपटीने बाहेरच्या बाजूने थोडे थोडे केस सोडवत गेले. बारा मिनिटे लागली आणि साताठ केस तुटले.

यातून दोन मापे मिळाली. बट कधीही ब्रशच्या लांबीपेक्षा रुंद आणि त्याच्या व्यासापेक्षा जाड घ्यायची नाही. माझ्या लांबीच्या केसांना ४३ मिलिमीटरचा ब्रश पुरतो. टोके आत वळवायला त्याचा एक ते दीड वेढा बस होतो. लहान ब्रश फक्त कपाळावरच्या झुलपांसाठी ठेवला आहे.

२६ मार्च

आजचा प्रयोग या सगळ्या नोंदींत मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. उजव्या बाजूची प्रत्येक बट वाळून वळली की तशीच गरम असताना ब्रशवरून सोडली. डाव्या बाजूची प्रत्येक बट ब्रशवर गुंडाळलेलीच ठेवून ड्रायरचे थंड हवेचे बटण दहा सेकंद दाबले, मग आणखी पाच सेकंद थांबले आणि ब्रश आडवा बाहेर ओढण्याऐवजी उलटा फिरवत सोडवला. बाकी सारे दोन्हीकडे सारखे ठेवले.

संध्याकाळी दोन्ही बाजू जवळपास सारख्या दिसत होत्या आणि प्रयोग फसला असे वाटले. दुसऱ्या दिवशी सकाळी मात्र उजवी बाजू सरळ लोंबत होती आणि डाव्या बाजूचे वळण कायम होते. गरम केस अजून लवचीक असतो. त्याला त्याच स्थितीत सोडले की तो स्वतःच्या वजनाने ताणला जातो आणि जे बंध जुळत असतात ते सरळ स्थितीत जुळतात. वळणात धरूनच तो थंड झाला तर ते वळणात जुळतात. प्रत्येक बटेमागे पंधरा सेकंद आणि एकूण सोळा बटा, म्हणजे चार मिनिटे वाढली, पण ही चार मिनिटे नुसते वाळवण्याच्या अकरा मिनिटांपेक्षा जास्त कामाची आहेत.

३१ मार्च

कपाळाच्या उजव्या कोपऱ्यात माझ्या केसांचा एक भोवरा आहे. तिथली मुळेच त्वचेतून तिरकी उगवतात, त्यामुळे झुलपे कशीही बसवली तरी ती मधोमध फाटून दोन दिशांना जातात. आजवर मी त्यांना गोल ब्रशने दामटून बसवत होते आणि तासाभरात ती उठून उभी राहत होती. वेळेचाही घोळ होता. झुलपे शेवटी घेत होते आणि तोवर ती आपल्या मर्जीने वाळून गेलेली असत.

आता क्रम उलटा केला आहे. टॉवेल काढल्यावर सर्वांत आधी झुलपे घ्यायची, आणि तीही पूर्ण ओली असताना, कारण इथे टोकांना वळण देण्यापेक्षा मुळांची दिशा मोडायची आहे. चपटा ब्रश कपाळाला टेकवून सगळी झुलपे डावीकडे ओढायची आणि हवा वरून मुळांवर सोडायची, मग तीच उजवीकडे ओढायची, मग पुन्हा डावीकडे, असे मुळे पूर्ण कोरडी होईपर्यंत करत राहायचे. मुळांना कोणतीच एक बाजू पकडू दिली नाही की ती मधल्या स्थितीत येऊन बसतात. शेवटी लहान गोल ब्रशने टोकांना अर्धा वेढा आणि थंड हवा दिली. पहिल्याच दिवशी झुलपे रात्रीपर्यंत फाटली नाहीत. मध्ये एकदा केस पूर्ण वाळल्यावर हाच प्रकार करून पाहिला होता, तेव्हा काहीच घडले नाही. पाण्याचा हात फिरवून मुळे पुन्हा भिजवावी लागली.

५ एप्रिल

डोक्याची मागची बाजू हा या कामातला खरा कठीण भाग आहे, आणि तो केसांचा नसून हातांचा आहे. समोर एक आणि मागे एक असे दोन आरसे लावून पाहिले. प्रतिबिंबाचे प्रतिबिंब पाहत हात हलवताना डावे-उजवे इतके गोंधळते, की दहा मिनिटांत दोन्ही आरसे बाजूला ठेवले आणि डोळे मिटून नुसत्या स्पर्शाने काम केले. ते अधिक चांगले झाले.

कामाची विभागणी आता अशी बसली आहे. केसांचे वर-खाली असे दोन थर करून वरचा चिमट्यांनी बांधून ठेवायचा आणि मानेकडचा थर आधी घ्यायचा. तो वरच्या केसांखाली झाकला जाणार असल्यामुळे मोठ्या बटा आणि कमी काटेकोरपणा तिथे चालतो. डोक्याच्या मधोमध मागे येणारी बट जागेवर न वाळवता खांद्यावरून पुढे ओढून घ्यायची, म्हणजे ब्रश डोळ्यांसमोर येतो. टाळूवरची बट मात्र सरळ वर, किंबहुना किंचित पुढे ओढून मुळाशी हवा द्यायची. ती नंतर मागे पडते तेव्हा मुळाशी आपोआप उचल मिळते.

डाव्या बाजूला ब्रश डाव्या हातात आणि ड्रायर उजव्या हातात, उजव्या बाजूला याच्या उलट, अशी अदलाबदल शिकायला मला चार धुणी लागली. खांद्याचे दुखणे मात्र वेगळ्याच उपायाने गेले. उंच पाठीच्या खुर्चीवर बसून कोपर पाठीच्या कडेवर टेकवले की ड्रायरचा भार खांद्यावर येत नाही. इतकी साधी गोष्ट पाच आठवड्यांनी सुचली.

९ एप्रिल

दिवसभर पाऊस होता. सकाळी केलेले वळण दुपारपर्यंत विरघळल्यासारखे गेले आणि वरच्या थरातून बारीक केस उभे राहिले. कोरड्या केसातही पाणी असतेच. हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असेल तर केसाच्या वजनाच्या साधारण १३ ते १५ टक्के पाणी त्यात असते, आणि दमट हवेत ते आणखी वाढते. बाहेरून आत येणारे हे पाणी तेच कच्चे बंध सोडवते. त्यावर मी आधी केस आणखी कडक वाळवण्याचा उपाय केला होता, तो चुकीचा निघाला. गरजेपेक्षा जास्त वाळलेला केस हवेतले पाणी परत ओढूनच घेतो आणि त्या ओढाताणीत आकार सोडतो. अशा दिवशी शेवटी तळहातावर सेरमचा एकच थेंब चोळून वरवर फिरवणे आणि अपेक्षा कमी ठेवणे, एवढेच हातात आहे.

१४ एप्रिल

आज एकूण २७ मिनिटे लागली. टॉवेल गुंडाळून बसण्याची दहा मिनिटे यात धरलेली नाहीत, कारण त्या वेळात इतर कामे होतात. झुलपांना ४, नुसते वाळवण्यात ७ आणि बटांना वळण देण्यात १६ मिनिटे गेली. पहिल्या दिवशीच्या तुलनेत हवेखालचा वेळ जवळपास निम्मा झाला आहे. रात्री केस टाळूवर सैल अंबाडा करून, मऊ कापडी रबराने बांधून झोपले. सकाळी अंबाडा सोडून फक्त झुलपे पाण्याने भिजवून पुन्हा बसवली, त्याला तीन मिनिटे लागली. आकार संध्याकाळी सातपर्यंत टिकला. ठरवलेले उद्दिष्ट इथे पूर्ण झाले, पण या कामासाठी केस अधिक वेळा धुवायचे नाहीत, हेही नोंदवून ठेवते.

२० एप्रिल

एक बट अजून जमलेली नाही. डाव्या कानामागची, मानेच्या केसरेषेपाशी उगवणारी ही बट दर वेळी बाहेर वळते. ब्रशचा दोष नाही, कारण तोच ब्रश उजवीकडे बरोबर काम करतो. थंड हवेचा कालावधी वीस सेकंदांपर्यंत वाढवून पाहिला, तरी फरक पडला नाही. काल बोटाने चाचपडले तेव्हा लक्षात आले, की तिथली मुळेही वर आणि पुढच्या दिशेने उगवलेली आहेत, म्हणजे कपाळावरच्या भोवऱ्याचाच हा धाकटा भाऊ आहे. तेव्हा त्या बटेला शेवटी वळण देण्यात अर्थ नाही. झुलपांबरोबरच, पूर्ण ओली असताना, चपट्या ब्रशने दोन्ही बाजूंना ओढत तिची मुळे आधी वाळवून पाहायची आहेत. अडचण एवढीच, की त्या जागी चपटा ब्रश मानेला टेकवला की ड्रायर धरणारा हात कानाआड अडकतो. पुढच्या वेळी मान उजवीकडे झुकवून, ड्रायर पाठीमागून वर येईल असा धरून पाहीन.